उलटं इंजिन, पोटाखाली गिअरबॉक्स: साबचा शहाणपणा की हट्ट?

उलटाक्लच

पुढची चाकं ओढणारी जवळपास कुठलीही गाडी घ्या, बॉनेट उघडलं की आज एकच मांडणी दिसते. इंजिन आडवं म्हणजे गाडीच्या रुंदीत, त्याच्या टोकाला गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच) मागच्या अंगाला. १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलाने हा साचा घातला, १९६९ च्या फियाट १२८ ने तो रूढ केला आणि बाकीचे बहुतेक निमूट त्याच वाटेने गेले. माझं म्हणणं एवढंच की ही मांडणी कारखान्याच्या सोयीने जिंकली. गाडी दुरुस्त करणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

पुरावा म्हणून साब या स्वीडिश कंपनीची ९९ (१९६७) आणि तिच्यातून निघालेली जुनी ९०० (१९७८) घ्या. इंजिन उभं म्हणजे गाडीच्या लांबीत, एका कुशीवर ४५ अंशांत कललेलं, आणि चक्क उलटं: फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) आणि क्लच पुढे रेडिएटरकडे, टायमिंग चेन मागे फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याकडे. क्लचमधून निघालेली ताकद पुढच्या डबीतल्या प्रायमरी चेनने खाली उतरते आणि इंजिनाच्या पोटाखालच्या गिअरबॉक्समध्ये जाते.

आता ९०० ची क्लच प्लेट कशी बदलतात ते पाहा. वरचं झाकण काढा. एकाला क्लचचं पेडल दाबून धरायला सांगा आणि डायफ्रॅम स्प्रिंग (क्लच प्लेट दाबून धरणारी तबकडीसारखी स्प्रिंग) व क्लच कव्हर यांच्यामधे रिंग सरकवा, म्हणजे स्प्रिंग दाबलेलीच राहते. प्रायमरी डबीच्या तोंडावरची टोपी काढा. आतल्या शाफ्टच्या टोकाला आटे आहेत, त्यात बोल्ट फिरवून शाफ्ट पुढे ओढा. पेडलचा दाब क्लचवर पोचवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे तीन बोल्ट, प्रेशर प्लेटचे सहा. मग प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि स्लेव्ह सिलिंडर एकत्र वर उचला. इंजिन जागेवर, गिअरबॉक्स जागेवर, एक्सलला हातही लागलेला नाही. आडव्या इंजिनाच्या गाडीत हे करून दाखवा.

गॅस्केटराव

क्लचचं खरं आहे. पण तुम्ही त्या गाडीचं एकमेव सोपं काम निवडून आणलंत.

इंजिन उलटं म्हणजे सगळे पट्टे मागे. अल्टरनेटर आणि वॉटर पंपाचे पट्टे फायरवॉलच्या तोंडाशी, हात घालायला जेमतेम फट. टायमिंग चेनचं कव्हर इंजिन बाहेर काढल्याशिवाय निघत नाही, म्हणून लोक जुनी चेन तोडतात, नवीचं टोक तिला जोडतात, क्रँक हळूहळू फिरवत ती आत ओवतात आणि शेवटची कडी रिव्हेट करतात. म्हणजे गाइड आणि स्प्रॉकेट जुनेच. याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

आणि गिअरबॉक्सचं कवच हाच इंजिनाचा सम्प, म्हणजे तळाची तेलाची टाकी. त्या सांध्याचं गॅस्केट गळायला लागलं की इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढून, टेबलावर वेगळे करून, पुन्हा जोडायचे. एका कागदी गॅस्केटपायी. गिअरबॉक्समधलं पिनियन बेअरिंग वाजू लागलं तरी तीच वरात. टर्बो गाड्यांत ही गिअरबॉक्स हा कमकुवत भाग मानला जातो. आडव्या इंजिनात बिघडलेली गिअरबॉक्स एकटी उतरते, इंजिन जॅकवर टांगून राहतं.

दहाअकरापाना

मारुती ८०० मध्ये तर गिअरबॉक्स एकटा मिस्त्री छातीवर घेऊन उतरवतो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आडवं इंजिन. बॅटरी काढा, दोन्ही एक्सल ओढा, गिअरबॉक्सच्या बाजूचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं तो रबरी टेकू) सोडा, संपलं. उलटाक्लच यांचा मुद्दा मोठ्या गाडीला लागू असेल, जिथे सबफ्रेम (इंजिनाखालची लोखंडी चौकट) खाली घेतल्याशिवाय गिअरबॉक्सला बाजूला सरकायला जागाच मिळत नाही. सरसकट नाही.

उलटाक्लच

गॅस्केटराव, सांध्याचं गॅस्केट मान्य. पण साबने तेल तरी वेगळं ठेवलं. १९५९ च्या मिनीतही गिअरबॉक्स सम्पमध्येच, पण तेल एकच: जे बेअरिंगला तेच गिअरच्या दातांना. दात तेल चिरडतात, गिअरची झीज इंजिनाच्या तेलात फिरते, तेल वेळेवर बदललं नाही तर दोघांचं नुकसान. ९०० मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सला स्वतःचं, तीन लिटरच्या आसपास, १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल. जाड गिअर ऑइल ओतलं की थंडीत गिअर पडत नाहीत, आणि मग दोष मांडणीला!

शिवाय प्रायमरी चेनचा एक फायदा कोणी बोलत नाही. एकूण गिअर रेशो बदलायचा तर पुढची डबी उघडून स्प्रॉकेटची जोडी बदलायची. गिअरबॉक्स उघडायला नको. साबने वेगवेगळ्या मॉडेलना असेच वेगवेगळे रेशो दिले.

एक्सलबूट

तुम्ही दोघं साबपाशीच अडकलात. गिअरबॉक्स पोटाखाली न घेता सरळ पुढे ठेवायची वाट आधीपासून होती: १९३४ ची सिट्रोएन त्राक्सिओं आव्हां, १९५५ ची डीएस, १९६१ ची रेनो ४. नाकापासून मागे मोजा: गिअरबॉक्स, डिफरन्शियल, क्लच, इंजिन. इंजिनाचं वजन पुढच्या चाकांच्या मागे. रेनो ४ मध्ये गिअरची दांडी डॅशबोर्डमधून छत्रीच्या मुठीसारखी बाहेर येते, कारण सळई इंजिनाच्या डोक्यावरून थेट पुढच्या गिअरबॉक्सकडे जाते. जमिनीवर बोगदा नाही, पाय ठेवायला सपाट जागा. क्लचसाठी गिअरबॉक्स पुढून निघते, इंजिन हलत नाही. चेन नाही, सम्पचा सांधा नाही.

गॅस्केटराव

आणि इंजिन तुमच्या मांडीवर. डीएसमध्ये ते केबिनमध्ये घुसतं, मागचं काम करायला हात डॅशखाली वाकडा करावा लागतो.

रेनोनेच पुढे काय केलं ते पाहा. १९८६ ची रेनो २१ त्यांनी दोन्ही प्रकारे काढली: १.७ लिटरचं इंजिन आडवं, २ लिटरचं उभं. दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण ६ सेंटीमीटरनी वेगळं, कारण पुढची चाकं वेगळ्या जागी. एकाच गाडीचे दोन सांगाडे सांभाळायचे! साबनेही १९८४ च्या ९००० मध्ये इंजिन आडवं घातलं, १९९३ नंतरच्या नव्या ९०० मध्येही. घरच्यांनीच सोडलेली मांडणी आहे ही.

चढणीचावाघ

सोय-गैरसोय राहू द्या, पकडीचं बोला. एक्सलबूट यांची 'वजन चाकांच्या मागे' ही गोष्ट ऐकायला छान, पण पुढची चाकं ओढत असतील तर तीच अंगाशी येते.

हिशेब सोपा आहे. गाडीचा गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंच, चाकांमधलं अंतर २.५ मीटर. गुणोत्तर ०.२२. पाचास एक चढ (२० टक्के) आणि ०.१ जी प्रवेग (आणखी १० टक्के), म्हणजे गाडीला वजनाच्या ३० टक्क्यांइतकी ओढ हवी. त्याच ३० च्या ०.२२ पट, म्हणजे साडेसहा टक्के वजन पुढून मागे सरकतं, आणि रस्ता कललेला असल्याने चाकांवरचा एकूण दाबही दोनेक टक्क्यांनी घटतो. ओल्या डांबरावर घर्षण ०.६ धरा. सपाटीवर ६० टक्के वजन पुढे असलेल्या गाडीत चढावर पुढे ५२ उरतं, ओढ मिळते ३१. चढते. ५५ टक्केवालीत ४७ उरतं, ओढ २८. चाक फिरतं, गाडी जागेवर.

म्हणून ऑडीने वर्षानुवर्षं अख्खं इंजिन पुढच्या एक्सलच्याही पुढे टांगलं. बर्फात चालतं. वळणावर मात्र नाक बाहेर ओढतं, हेही खरं. २००७ च्या सुमाराला त्यांनी डिफरन्शियल क्लचच्या पुढे आणून चाकं १५ सेंटीमीटरच्या आसपास पुढे सरकवली तेव्हा जरा सुटका झाली.

दहाअकरापाना

त्या टांगलेल्या इंजिनाचा नमुना आपल्याकडेही फिरला. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्यात जोडलेली पहिल्या पिढीची स्कोडा सुपर्ब. व्ही-६ चा टायमिंग पट्टा बदलायचा तर आधी बंपर उतरवा, पुढच्या पॅनेलचे बोल्ट काढून त्या जागी लांब बोल्ट घाला, आणि रेडिएटरसकट सगळं तोंड त्या बोल्टांवरून पुढे सरकवा. एसीचा गॅस काढायचा नाही, नळ्या तशाच. एकदा तोंड सरकलं की पट्टा समोर उघडा दिसतो. आडव्या इंजिनात बाजूचं फाउंडेशन सोडून, सम्पखाली लाकडी ठोकळा ठेवून, चेसिसच्या फटीतून पुली काढण्यापेक्षा हे बरं.

एक्सलबूट

चढणीचावाघ यांचा हिशेब बरोबर, पण चढावरचा. उभ्या मांडणीत डिफरन्शियल मधोमध बसवता येतं, मग दोन्ही एक्सल सारख्या लांबीचे. आडव्यात एक आखूड, एक लांब. जोर दिला की नाक वर उठतं, दोन्हीकडच्या सांध्यांचे कोन वेगळे पडतात आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. त्यावर उपाय म्हणून ब्लॉकला बेअरिंग लावून मधला शाफ्ट घालतात. पुढे ते बेअरिंग घूं घूं करू लागलं की गिऱ्हाईक चाकाचं बेअरिंग बदलून मोकळं होतं.

गॅस्केटराव

मधलं बेअरिंग बदलणं म्हणजे एक एक्सल ओढायचा. सांध्याचं गॅस्केट म्हणजे इंजिन बाहेर. तुलनाच नको.

आणि उलटाक्लच, तुमच्या कृतीत एक खोच आहे. रिंग आत सरकते ती पेडल दाबल्यावर स्प्रिंग दबते म्हणून. पण क्लचचं काम निघतं तेव्हा बऱ्याचदा स्लेव्ह सिलिंडरच गळून मेलेला असतो. पेडल दाबा नाहीतर नाचा, स्प्रिंग हलत नाही. मग?

उलटाक्लच

रिझर्व्हायर भरून ब्लीड करा म्हणजे नळीतली हवा काढा, गळका सिलिंडरही बहुतेक वेळा एक दाब देतो. तेवढ्यात रिंग घालायची. नाहीच दिला तर पहारीने रेटून रिंग बसवायची, किंवा प्लेट भंगारातच जाणार असेल तर डायफ्रॅमची बोटं कापायची. नवी प्रेशर प्लेट मात्र हायड्रॉलिक प्रेसवर दाबून रिंगसकटच आत उतरवावी लागते. सगळं बसल्यावर पेडल दाबून रिंग बाहेर काढायला विसरू नका.