‘काळजी वाटते का?’ विचारलं की लोक ‘घेतो की’ म्हणतात. दुसरा शब्द सुचवा

गोदातीर (नांदेड):
फ्लूच्या जागतिक साथीविषयीची एक प्रश्नावली मराठीत करायचं काम माझ्याकडे आहे. गावोगावच्या आशाताई (आशा आरोग्य कार्यकर्त्या) ती घरोघरी जाऊन भरून घेणार आहेत. दोन प्रश्नांवर घोडं अडलंय.

पहिला प्रश्न असा: ‘अशी साथ आली तर तुम्हाला किती काळजी वाटेल?’ पुढे तीन चौकटी: खूप, थोडी, अजिबात नाही. मुखेड तालुक्यातल्या एका वाडीवर चाचणी घेतली. आजीबाई म्हणाल्या, “घेतली की माय मागल्या बारीला. तोंडाला पदर, हाताला साबण, आन् काय घ्यायची?” शेजारच्या घरात सून म्हणाली, “काळजी करून कसं भागंल, काळजी घ्यायची.” आता खूण कुठे करायची? जी बाई सगळ्यात जास्त जपते, तिचीच नोंद ‘अजिबात नाही’मध्ये होते.

दुसऱ्या प्रश्नाला इंग्रजीत ‘स्केप्टिकल’ आहे. साथीबद्दल सरकार, डॉक्टर, बातम्या जे सांगतात ते लोकांना कितपत खरं वाटतं, हे विचारायचंय. आधीच्या मसुद्यात ‘तुम्ही संशयी आहात का?’ असं छापलं होतं. हे वाक्य घेऊन मी कुठल्याही आशाताईला कुणाच्या दारात पाठवणार नाही. लातूरपासून हिंगोलीपर्यंत चालेल असं काही सुचवा.

बालाघाट (बीड):
ताई, पहिल्याला ‘घोर’ घाला. ‘जिवाला घोर लागला’ म्हटलं की घ्यायचा प्रश्नच उरत नाही, तो आपोआप लागतो. काळजीत ‘वाटणे’, ‘करणे’, ‘घेणे’ असे तीन रस्ते फुटतात, म्हणून गोंधळ होतो.

परभणीचे मास्तर:
घोर फार जड होतो. घोर माणसाचा लागतो, पोरीच्या लग्नाचा लागतो. रोगाची ‘धास्ती’ असते. ‘गावात साथीची धास्ती पसरली’ हे आमच्या जिल्ह्यात कुणालाही कळेल. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘हाय खाणे’. आजारानं नाही, हाय खाऊन गेला, असं आजही म्हणतात.

माझी आजी १९१८ च्या साथीला इन्फ्लुएंझा म्हणत नसे, ‘मानमोडी’ म्हणायची. धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत मान टाकायचा, म्हणून मानमोडी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती मुंबई बंदरातून जून १९१८ मध्ये शिरली आणि पावसाळा सरता सरता दुसऱ्या लाटेत तिनं गावंच्या गावं उठवली. त्यात त्या वर्षी पाऊसही रुसला होता. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजीच्या तोंडी तो शब्द आला की घर गप्प व्हायचं. तिला ‘काळजी वाटते का’ विचारायची कुणाची छाती नव्हती.

मुठाकाठ (पुणे):
मास्तर, मानमोडी हा अस्सल शब्द असताना आपण ‘फ्लू’ का लिहितो? निदान ‘शीतज्वर’ तरी लिहा. आणि ‘महामारी’ कृपया नको, ते हिंदी वाहिन्यांवरून आलंय. मराठीत साथ आहे, फार तर महासाथ. इंग्रजांनी १८९७ मध्ये प्लेगसाठी जो कायदा केला, त्यालाही आपण साथरोग कायदाच म्हणतो.

औषधवाला (लातूर):
शीतज्वर लिहिलं की अर्धे लोक हिवताप समजतील आणि डासांची फवारणी कधी येणार ते विचारतील. दुकानात मी रोज ‘फ्लू’, ‘फुलू’, ‘स्वाईन’ ऐकतो. आमच्याकडे ही मराठीच झाली आहे. आणि इन्फ्लुएंझा तरी कुठला? इटालियन भाषेतला तो शब्द ग्रहताऱ्यांच्या प्रभावावरून आलाय. सगळ्या जगानं तो तसाच उचलला.

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण तो मी काउंटरवर भोगलाय. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला आणि दोनच दिवसांत लातुरात मास्क संपले. लोक टॅमिफ्लू मागायला येत. तेव्हा ती गोळी आम्हाला विकायची परवानगी नव्हती, सरकारी केंद्रातूनच मिळायची. नंतर सप्टेंबरात ठरावीक परवान्याच्या दुकानांना मुभा मिळाली. मी “आमच्याकडे येत नाही” म्हटलं की समोरचा माणूस शेल्फाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि म्हणायचा, “असंल आत.” संशय, शंका, अविश्वास यातला एकही शब्द नाही. “असंल आत.” एवढंच बोलून तो कापूर-वेलचीची पुरचुंडी आणि नीलगिरीची बाटली घेऊन जायचा.

मुठाकाठ (पुणे):
आम्ही त्या ऑगस्टमध्ये शाळा, चित्रपटगृहं, मॉल बंद झालेले पाहिले. तपासणीसाठी रस्त्यापर्यंत रांगा होत्या. पुण्यात धास्ती हाच शब्द योग्य ठरला असता, हे मास्तरांचं मला मान्य. पण धास्ती म्हणजे अरबी-फारसीतली दहशतच ना? मग घोर बरा, तो संस्कृत आहे.

दख्खनी (छत्रपती संभाजीनगर):
दादा, शब्दाचं कूळ बघून तो दारात उभा करायचा की माणसाला कळतो का ते बघायचं? निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत इथली कचेरी, कोर्ट, शाळा उर्दूत चालली. धास्ती, फिकीर, अफवा, वहीम हे शब्द आमच्या आज्यांनी जात्यावर वापरलेत. अफवा म्हणजे मूळ अरबीत तोंडं, अनेक तोंडं. साथीच्या काळात जे होतं त्याला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग अजूनही साथीला ‘वबा’ म्हणतात.

महामारीला मात्र हिंदी म्हणून हाकलू नका. मरीआई कुठली? तिचं ठाणं गावाच्या वेशीवर आहे, पोतराज तिच्यासाठी अंगावर आसूड ओढतो. मरी, मारी, महामारी हे आपलंच आहे. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) काळात तिच्या नावानं गाडा काढून शिवेबाहेर सोडायचे. ज्या शब्दामागे आख्खी देवी उभी आहे, तो वाहिन्यांनी आणला कसा म्हणता?

मुठाकाठ (पुणे):
मरीआई आपली, यात वाद नाही. पण तिचा संबंध पटकीशी. २००९ मध्ये फ्लूला कुणी महामारी म्हटलं नाही, २०२० पासून सुरू झालं. आपल्याकडे शब्द होता म्हणजे तो याच अर्थानं होता असं होत नाही.

बालाघाट (बीड):
मूळ प्रश्न बाजूला पडतोय, तरी एक सांगतो, कारण तो याच्याशीच जोडलेला आहे. १९९४ साली आमच्या जिल्ह्यात मामला गावी प्लेगचे रुग्ण निघाले. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. पडझडीच्या भीतीनं सोडलेल्या घरांत धान्य तसंच राहिलं आणि उंदीर माजले, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे सुरतेत साथ आली आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल कुठे मिळेनात. मी तेव्हा शाळेत होतो. बीडहून आलेल्या एसटीतल्या माणसांना पाहुणे दारातच पाणी देत. पण त्याच पाहुण्यांच्या घरात वडीलधारी म्हणत, “ही नुसती हूल आहे, अनुदानासाठी उठवली.” एकाच घरात, एकाच तोंडात दोन्ही. पाणी बाहेर द्यायचं आणि हूल म्हणायचं.

म्हणून ताई, तुमचे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. ज्याला धास्ती आहे तोच खोटं आहे म्हणतो.

गोदातीर (नांदेड):
बालाघाट, हे फार कामाचं आहे. इंग्रजीत ते दोन टोकं धरून चाललेत, इकडे घाबरलेले आणि तिकडे न मानणारे. दुसऱ्या प्रश्नासाठी ‘साथीचा उगाच बाऊ केला जातो असं वाटतं का?’ हे कसं वाटतं?

औषधवाला (लातूर):
बाऊ शब्द चोख आहे, पण त्यात उत्तर दडलंय. ‘उगाच बाऊ’ ऐकलं की माणूस मान डोलावणारच.

परभणीचे मास्तर:
आणि बाऊ होता की नव्हता हे अजून कुणाला ठरवता आलंय? जागतिक आरोग्य संघटनेनं ११ जून २००९ ला जागतिक साथ जाहीर केली, १० ऑगस्ट २०१० ला संपली म्हटलं. प्रयोगशाळेत नक्की झालेले मृत्यू साडेअठरा हजारांच्या आसपास. तेव्हा युरोपात आरडाओरडा झाला की औषध कंपन्यांसाठी भीती वाढवली. मग २०१२ मध्ये अभ्यासकांचा अंदाज आला: दीड लाख ते पावणेसहा लाख, कारण बहुतेकांची तपासणीच झाली नव्हती. त्यातही बरेचसे पासष्टीच्या आतले. पहिला आकडा धरला तर बाऊ, दुसरा धरला तर बाऊ म्हणणाऱ्यांनी मेलेल्यांना मोजलंच नाही. हे सगळं पोटात घेऊन ‘बाऊ’ शब्द प्रश्नावलीत घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आशा (अंबाजोगाई तालुका):
मी स्वतः आशा आहे, म्हणून लिहिते. तुम्ही सगळे शब्द चांगले सांगायलात, पण दारात काय होतं ते बघा. ‘संशयित रुग्ण’ हा शब्द कागदावर असतो, तो आम्ही तोंडानं कधीच म्हणत नाही. एका घरी एकानं मोठ्यानं वाचला तर म्हातारा उठून उभा राहिला. “संशयित म्हणजे? मी काय चोरी केली?” पोलीस पाटलाच्या तोंडचा शब्द आहे तो, आजारी माणसाचा नाही.

आणि न मानणारा माणूस मला ‘पटत नाही’सुद्धा म्हणत नाही. मी गावची सून, माझ्या तोंडावर कसं म्हणेल? तो म्हणतो ‘बघू’. लस घ्या ना दादा. बघू. खोकला आहे तर पोराला शाळेत पाठवू नका. बघू. त्या ‘बघू’त सगळं येतं. डॉक्टरवर राग, मागच्या वेळी कुणी विचारलं नाही ते, घरात पैसा नाही ते, आणि कधी कधी खरंच भीती. तुमच्या फॉर्मवर ‘बघू’ला चौकट आहे का?

गोदातीर (नांदेड):
नाही. ‘सहमत’, ‘असहमत’, ‘सांगता येत नाही’ एवढंच आहे.

आशा (अंबाजोगाई तालुका):
मग सगळे ‘सांगता येत नाही’त जातील आणि तुम्ही लिहाल की लोकांना माहिती नाही. त्यांना माहिती आहे ताई. भरवसा नाही. भरवसा कुणावर, हे विचारा. ‘ताप-खोकल्याची साथ आली तर कुणाचं ऐकाल?’ असं विचारलं तर घडाघडा सांगतात: आधी मेडिकलवाला, मग गावातला डॉक्टर, मग मोबाइल, मग आम्ही.

औषधवाला (लातूर):
मेडिकलवाला पहिला? २००९ मध्ये तर “असंल आत” होतं.

आशा (अंबाजोगाई तालुका):
“असंल आत” म्हणूनही तुमच्याकडेच परत येत होते ना.

मुठाकाठ (पुणे):
मुद्दा पटला, पण ‘भरवसा’ आणि ‘विश्वास’ यात फरक करावा. विश्वास शब्द अधिक प्रमाण आहे, छापील मजकुरात तोच शोभतो.

दख्खनी (छत्रपती संभाजीनगर):
विश्वास देवावर, पांडुरंगावर. भरवसा माणसावर आणि पावसावर. छापील कागद वाचून कोण दाखवणार आहे? आशाताई. मग त्यांच्या तोंडात बसेल तोच शब्द छापा.

परभणीचे मास्तर:
‘साथ’बद्दल एक राहून गेलं. सोबत या अर्थाचं साथ संस्कृत सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यावरून आलं. मला कायम वाटत आलंय की रोगाची साथही त्या तांड्याबरोबरच आली असणार, पैठण-तेरच्या जुन्या व्यापारी वाटांवरून.

मुठाकाठ (पुणे):
याला आधार काय? दोन साथ एकाच मुळाचे असतीलच असं नाही.

परभणीचे मास्तर:
बंदरातून जी मानमोडी आली ती सैनिकांच्या तांड्याबरोबरच आली की.

बालाघाट (बीड):
आमच्याकडे भांडणात बायका ‘तुला पटकी येवो’ म्हणायच्या, अजूनही केजकडे ऐकू येतं. मानमोडीची अशी शिवी कुणी ऐकली आहे का? की १९१८ नंतर तो शब्द शिवीतसुद्धा घ्यायला लोक धजावले नाहीत?