मदत हवी आहे: क्वीनच्या पुरस्कारांच्या यादीत काय धरायचं?

मंडळी, आमच्या रेकॉर्डप्रेमींच्या मंडळात पुढच्या बैठकीला 'क्वीन' या ब्रिटिश बँडवर बोलायचं माझ्याकडे आलंय. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या, बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीमुळे विषय एकमताने ठरला. गाडी अडलीय ती पुरस्कारांपाशी.

सरळ नोंदी झाल्या: 2001 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम (रॉक संगीतातल्या नामवंतांचं अमेरिकी सन्मानदालन), 2018 मध्ये ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांचा जीवनगौरव. गंमत बघा, नामांकनं मिळूनही स्पर्धेतला एकही ग्रॅमी यांच्या वाट्याला आला नाही! मला तरी हे त्या परीक्षकांचंच अपयश वाटतं.

आता घोळ असा. बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांना ब्रिटनच्या 2023 च्या नववर्ष सन्मानांत 'सर' ही पदवी मिळाली. तो मान बँडचा की एकट्याचा? 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या क्वीनवरच्या चित्रपटाची 4 ऑस्कर तर मी सरळ वगळणार आहे, ती नट आणि तंत्रज्ञांची. कोणाचं वेगळं मत असेल तर सांगा, वाद घालायला आवडेल.

दुसरं म्हणजे 1990 चा ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांचा सोहळा. फिकट निळ्या सुटातला, खंगलेला फ्रेडी मागे उभा, भाषण ब्रायनचं, आणि शेवटी माइकवर येऊन फ्रेडीचे मोजकेच शब्द. या सोहळ्याची चांगल्या प्रतीची चित्रफीत कुठे मिळेल? माझ्याकडची फारच धूसर आहे, पडद्यावर दाखवण्याजोगी नाही.