मोठी शेगडी घेण्याआधी

"घ्यायचीच तर मोठी घ्या, थंडीत कमी पडायला नको" असा सल्ला खोली उबदार ठेवायला लाकडाची शेगडी घेणाऱ्यांना देतात, तो मला पटला नाही. लाकडावरची शेगडी खोलीच्या मानाने मोठी झाली की तासाभरात घामाघूम व्हायला होतं. मग माणूस हवेची झडप बंद करत जातो आणि लाकूड जळायच्या ऐवजी धुमसत राहतं. त्या धुरातला डांबरासारखा चिकट थर धुरांड्यात आतून साचतो, आणि पुढे कधीतरी तोच पेट घेतो. धुरांड्याला आग लागते ती बहुतेकदा अशी. शेगडीची काच सारखी काळी पडत असेल तर आत हेच चाललंय समजा.

शेगडी बीडाची (म्हणजे ओतीव लोखंडाची) की पोलादाची यावर फार डोकं लावू नका. बीड उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, एवढंच.

खरा प्रश्न लाकडाचा. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ताज्या तोडलेल्या लाकडात तो याच्या दुपटीहून जास्त असू शकतो. ओलावा मापक मिळतो, पण ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टेकवा. वरून कोरडं लाकूड हमखास फसवतं.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा (जळणातून निघणारा, वास नसलेला विषारी वायू) अलार्म शेगडीबरोबरच घ्या, नंतर बघू म्हणू नका.