व्हीएममधून आयपी पिंग होतो, पण ऑफिसच्या गिट सर्व्हरचं नाव सापडत नाही

प्रश्न

नमस्कार. तीन दिवस यात गेलेत, आता मदत हवी आहे.

लॅपटॉपवर विंडोज, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, आत व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणून उबुंटू २२.०४. नेटवर्क नॅट, म्हणजे व्हीएमचं सगळं विंडोजमार्फत बाहेर जातं. संध्याकाळी मी व्हीएम बंद करत नाही, सेव्ह स्टेट करतो (चालू अवस्थेत तशीच गोठवतो) आणि घरी येऊन पुढे चालू करतो. घरी १.१.१.१ ला पिंग जायचा, पण कुठलंही नाव दिलं की 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन'.

इटीसीतली रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ (नाव कोणत्या सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी फाइल) उघडली तर आत फक्त १२७.०.०.५३. त्याजागी गूगलच्या डीएनएसचा (नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) पत्ता ८.८.८.८ लिहिला, लगेच चालू झालं. रीबूटनंतर फाइल पुन्हा होती तशी! मग ती फाइलच उडवून नवी केली. पहिली ओळ ८.८.८.८, दुसरी ऑफिसच्या डीएनएसची, आणि चॅटर कमांडनं लॉक केली. आता बाहेरच्या साइट उघडतात, पण विंडोजवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बोगदा) जोडलेलं असूनही ऑफिसचा आतला गिट सर्व्हर (जिथे कोड ठेवतात) नावानं सापडत नाही. आयपी दिला तर क्लोन होतं (कोडची प्रत उतरते). ओळी उलट्या केल्या तर गिट चालतं, पण व्हीपीएन नसताना प्रत्येक गोष्ट पाच सेकंद अडकते. दुसऱ्या ओळीतल्या सर्व्हरला विचारलंच जात नाही का?

उत्तर १

नाही, तुमच्या बाबतीत विचारलं जात नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. दुसरी ओळ फक्त पहिला सर्व्हर गप्प राहिला किंवा त्याला उत्तर देता आलं नाही तर कामाला येते. ८.८.८.८ गप्प नाही. तो स्वच्छ सांगतो की असं नाव अस्तित्वात नाही. ते उत्तरच आहे, त्यामुळे शोध तिथेच संपतो. ओळी उलट्या केल्यावर व्हीपीएनशिवाय ऑफिसचा सर्व्हर खरोखर गप्प राहतो, म्हणून जीलिबसी (प्रोग्रामसाठी नाव शोधणारी लिनक्सची लायब्ररी) त्याची वाट बघते. डीफॉल्ट टाइमआउट ५ सेकंदांचा आहे. तुम्ही तो आकडा लिहिलात म्हणून निदान सोपं झालं.

पहिला बदल का पुसला गेला? ती मुळात फाइल नव्हतीच, रन फोल्डरमधल्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणारी सिमलिंक होती. रन मेमरीत असतं आणि तिथली फाइल सिस्टमडी-रिझॉल्व्हड (उबुंटूची नावं शोधणारी सेवा) स्वतः लिहितो. १२७.०.०.५३ हा त्याचाच पत्ता. त्यात काही चूक नव्हती, तो नुसता मधला माणूस आहे. तो पुढे कोणाला विचारतो हे रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस या कमांडमध्ये दिसतं. तुमच्याकडे आत्ता तिथे मोड 'फॉरेन' दिसेल, म्हणजे फाइल त्याच्या ताब्यात नाही.

मूळ दुखणं वेगळंच आहे. व्हर्च्युअलबॉक्सचं नॅट साधारणपणे होस्टचे त्या वेळचे डीएनएस पत्ते डीएचसीपीतून (नेटवर्कची सेटिंग आपोआप देण्याची पद्धत) व्हीएमला देतं. ऑफिसमध्ये मिळालेला पत्ता सेव्ह स्टेटबरोबर तुमच्या घरी आला, आणि तिथून तो सर्व्हर पोचण्यासारखा नव्हता.

व्हीएम पूर्ण बंद करा, सेव्ह स्टेट चालणार नाही. विंडोजवर व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सच्या कमांडच्या मॉडिफायव्हीएममधून पहिल्या नेटवर्क कार्डासाठी नॅटचा डीएनएस होस्ट रिझॉल्व्हर ऑन करा. मग व्हीएमचा प्रश्न विंडोजच सोडवेल, व्हीपीएन असो वा नसो. उबुंटूत लॉक काढा, तुमची फाइल काढा आणि रन, सिस्टमडी, रिझॉल्व्ह या वाटेवरच्या स्टब-रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फकडे सिमलिंक परत करा.

उत्तर २

एवढं कशाला? नॅटऐवजी नेटवर्क ब्रिज्ड करा. व्हीएमला राउटरकडून स्वतःचा पत्ता आणि डीएनएस मिळेल.

उत्तर १

यांच्यासाठी तो मार्ग नाही. व्हीपीएन विंडोजवर आहे. ब्रिज्ड व्हीएम थेट राउटरशी बोलेल, त्या बोगद्यातून जाणारच नाही. मग नाव सोडा, आज आयपीनं होणारं क्लोनसुद्धा बंद पडेल. व्हीपीएन व्हीएमच्या आत चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

उत्तर ३

तपासताना एक काळजी घ्या. डिग ही कमांड थेट डीएनएस सर्व्हरला विचारते, होस्ट्स फाइल (हातानं लिहिलेली नावं आणि पत्ते) आणि एनएसस्विचची सेटिंग (नाव आधी कुठे शोधायचं तो क्रम) बघत नाही. गिट मात्र ते दोन्ही बघतं. म्हणून 'गेटएंट होस्ट्स' आणि पुढे नाव देऊन बघा. डिगला सापडतं आणि गेटएंटला नाही, असं झालं तर सर्व्हरच्या मागे लागू नका. मी एकदा संपूर्ण दुपार डिगच्या भरवशावर घालवली होती. होस्ट्स फाइलमध्ये एक जुनी ओळ राहिली होती.

प्रश्नकर्ता

झालं! मनापासून आभार.

फाइल काढताना सुडो देऊनही 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येत होतं. माझंच लॉक विसरलो होतो, चॅटरला उणे आय दिल्यावर गेली. आता स्टेटसमध्ये मोड 'स्टब' आहे आणि नेटवर्क कार्डासमोर १०.०.२.३ दिसतं. व्हीपीएन जोडून गिट नावानं क्लोन झालं, आणि व्हीपीएन तोडल्यावर बाकीच्या साइट लगेच उघडल्या. काल सेव्ह स्टेट करून आज दुसऱ्या नेटवर्कवर उघडलं, तरी चालू.

फक्त एकदा, व्हीपीएन जोडण्याआधीच गिट पुल केलं आणि मग जोडलं, तर थोडा वेळ नाव सापडेना. हे काय?

उत्तर १

'नाव नाही' हे उत्तरसुद्धा रिझॉल्व्हड कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतो. रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस चालवा आणि पुन्हा पुल करा. तरी सापडलं नाही तर विंडोजच्या कॅशमध्येही तेच असेल, तिथे आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस.