मदत हवी आहे: युगांडाहून परतताना बॅग राहिली, विमानतळावर तक्रार नोंदवायचीच राहून गेली

सगळ्यांना नमस्कार. विषय थोडा गुंतागुंतीचा आहे, पण नीट वाचून कोणी मार्ग सांगितला तर फार उपकार होतील.

आमच्या नगरच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही नऊ जण युगांडात जिंजाला सेवेसाठी गेलो होतो. तिथल्या एका मंडळीसोबत दोन आठवडे डोळे तपासणी, चष्मेवाटप आणि मुलींना शिवणकाम शिकवणं असं काम होतं. आमच्यात सगळ्यात मोठ्या म्हणजे ६७ वर्षांच्या मावशी. (नात्यातल्या नाहीत, पण लहानपणापासून मी त्यांना मावशीच म्हणते.) निवृत्त परिचारिका आहेत. शिबिरात सगळ्यात जास्त काम त्यांनीच केलं.

परतीच्या दिवशी जिंजा-कंपाला रस्त्यावर ट्रक उलटला होता. मबिराच्या जंगलापाशी आमची गाडी अडीच तास जागची हलली नाही. एंटेबेच्या विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायची वेळ झाली होती. त्यात मावशींची बॅग २६ किलो भरली, परवानगी २३ ची. तिथेच फरशीवर बसून मी त्यांचं सामान इकडचं तिकडे केलं. जड डबे हातातल्या पिशवीत घेतले आणि पिशवीतलं कापडी पाकीट बॅगेच्या वरच्या कप्प्यात टाकलं. त्या पाकिटात त्यांचं पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचं पिवळं कार्ड होतं. चेन मीच लावली.

मुंबईला रविवारी सकाळी उतरलो. इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य विभागाचं टेबल असतं, तिथे आफ्रिकेतून आलेल्यांचं पिवळं कार्ड बघतात. आम्ही आठ जण पुढे गेलो, मावशी अडकल्या. मोबाइलमधला फोटो दाखवला, पण मूळ कार्डच लागतं. नियम असा की पीतज्वराच्या देशातून कार्डाशिवाय आलेल्या माणसाला तो देश सोडल्यापासून ६ दिवस पूर्ण होईपर्यंत विलगीकरणात ठेवतात. डॉक्टर भले होते. म्हणाले, बॅगेतून कार्ड आणून द्या, लगेच सोडतो. मी धावत पट्ट्यावर गेले. पाऊण तास उभी राहिले. सगळ्यांच्या बॅगा आल्या, मावशींची आलीच नाही.

विमान कंपनीच्या काउंटरवर सांगितलं तर म्हणाले, बॅगेच्या टॅगचा तुकडा आणा किंवा प्रवाशाला घेऊन या. तुकडा मावशींच्या पासपोर्टला चिकटवलेला, पासपोर्ट आरोग्य विभागाकडे, आणि मावशींच्या फोनची बॅटरी संपलेली. मला परत आत जाऊ देईनात. बाहेर नगरची गाडी थांबलेली, दोघांना उलट्या होत होत्या. मी तक्रार न लिहिताच बाहेर पडले. हे मला आजही खातंय.

मावशी शुक्रवारी संध्याकाळी सुटल्या. तब्येत ठणठणीत आहे, तिथे जेवणखाण आणि वागणूक चांगली होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. आज बॅग न येऊन नववा दिवस. कंपनीच्या फोनवर एकच उत्तर मिळतं: विमानतळ सोडण्याआधी तक्रार केली नाही, आता काही करता येणार नाही.

बॅग गडद हिरवी, एक चाक मोडलेलं, मुठीला जांभळ्या साडीचा काठ बांधलेला. आत कपडे आहेत, त्यांचं काही नाही. पण खाकी कव्हर घातलेलं जुनं मराठी बायबल आहे. पहिल्या कोऱ्या पानावर मावशींच्या यजमानांच्या अक्षरात घरातल्या सगळ्यांच्या जन्माच्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखा आहेत, शेवटची नोंद मोठ्या नातीची. यजमान पाच वर्षांपूर्वी गेले. मावशी एका शब्दाने मला बोलल्या नाहीत. रोज सकाळी मुलाचं बायबल मागून घेतात आणि वाचतात.

भरपाई नको, बॅग हवी आहे. आता तक्रार घेतच नाहीत का? मावशींच्या वतीने मला करता येईल का?

प्रतिसाद १

ताई, आधी धीर धरा. "आता काही करता येणार नाही" हे खरं नाही.

तुमचं तिकीट मुंबईहून जाऊन मुंबईलाच परत असेल, तर मॉन्ट्रियल करार (विमानप्रवासातल्या सामानाच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार) लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. बॅगेचं नुकसान झालं असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करायची असते. तुमची तर मिळालेलीच नाही. यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस उलटले की ती हरवली असं धरून हक्क मागता येतो, आणि दाव्याची मुदत २ वर्षं आहे. विमानतळावरचा फॉर्म हा पुरावा म्हणून सोयीचा, तो नाही म्हणून हक्क जात नाही.

आजच ईमेल करा, फोनवर बोलत बसू नका. तिकीट, बोर्डिंग पास, टॅगच्या तुकड्याचा फोटो आणि मावशींना आरोग्य विभागाने ठेवून घेतल्याचा कागद, हे सगळं जोडा. तो कागद महत्त्वाचा आहे, त्या पट्ट्यापर्यंत का पोचल्या नाहीत हे त्यातून आपोआप कळतं. उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका. मावशींच्या सहीचं अधिकारपत्र दिलंत तर तुम्ही त्यांच्या वतीने लिहू शकता.

आणि पिवळं कार्ड: लस जिथे घेतली त्याच केंद्रात पासपोर्ट आणि तारीख घेऊन जा, दुसऱ्या प्रतीची चौकशी करा. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, लस पुन्हा घ्यायला लागू नये.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. एक भर घालते. माझ्या भावाची बॅग अशीच मधल्या विमानतळावर टॅग फाटून पडली होती. टॅगवरचा १० आकडी नंबर कंपनीला द्याच, पण टॅग फाटला असेल तर बॅग ओळखायला वर्णनच उरतं. "हिरवी बॅग" लिहून भागत नाही. तुम्ही इथे लिहिलंत ते जांभळ्या काठाचं आणि मोडक्या चाकाचं तिथे लिहा, आणि आत सगळ्यात वर काय आहे तेही. आमची बॅग आतल्या शेंगदाणा चटणीच्या डब्यावरून सापडली.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. कागद जोडून त्याच रात्री ईमेल केला. काल सकाळी उत्तर आलं: मधल्या विमानतळावर टॅग नसलेली एक हिरवी बॅग आहे, मुठीला "जांभळी फीत" आहे. आत वर काय आहे असं विचारलं, मी कापडी पाकीट आणि पिवळं कार्ड लिहिलं. तासाभरात होकार आला. गुरुवारी मुंबईला येणार, तिथे कस्टमचं काम करून ताब्यात घ्यायची.

मावशींना अजून सांगितलं नाही. बॅग उघडून बायबल डोळ्यांनी बघेन, मगच सांगेन. आता एवढंच कळायला हवं: कस्टमसाठी मावशींचं हाताने लिहिलेलं अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत पुरेल, की त्यांना स्वतः यायला लागेल? नगरहून इतका प्रवास त्यांना पुन्हा लगेच करायला लावायचा नाही. बुधवार रात्रीपर्यंत कोणी सांगू शकलं तर बरं होईल.