अहवालाची पीडीएफ ४८ एमबीची झालीये आणि त्यात शोधलं तर चेअरमनचंही नाव सापडत नाही

पतपेढीतली_ताई

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएससीआयटी, बस. पण ऑफिसात वयाने सगळ्यात लहान मीच, म्हणून "पीडीएफचं तेवढं बघ गं" हे खातं कायमचं माझ्या गळ्यात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायलाच लागते, नोटीस १४ दिवस आधी जायला हवी, आणि यंदा संचालक मंडळाने ठरवलंय की अहवाल छापायचा थोडाच, बाकी सभासदांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकायची.

आता मी करते काय ते सांगते. नोटीस आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वर्डमधे, ताळेबंद आणि नफातोटा पत्रक एक्सेलमधे, लेखापरीक्षकांचा अहवाल त्यांच्याकडून ईमेलने पीडीएफच येतो. हे सगळं मी प्रिंट काढते, सह्या शिक्के घेते आणि मग झेरॉक्सच्या मशीनवर ३४ पानं स्कॅन करते. फाइल झाली ४८ एमबी. जीमेल घेत नाही, व्हॉट्सॲपवर जाते पण सभासद म्हणतात उघडत नाही, मोबाइल भरलाय. आणि चेअरमनसाहेबांनी स्वतःचं नाव शोधायला घेतलं तर "काही सापडलं नाही", त्यावरनं मला ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

मागच्या वर्षीचा अहवाल डीटीपीवाल्यांनी करून दिला होता, तो दिसायला एकदम झकास, पण त्यातही "शिंदे" टाकलं तर शून्य, आणि त्यातला मजकूर कॉपी करून वर्डमधे टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी येते. मला तो मजकूर यंदा वापरायचा होता हो, परत २० पानं कोण टाइप करणार. काहीतरी सोपं सांगा, पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायला संस्था मंजुरी देणार नाही.

खिळेजुळारी

ताई, मी स्वतः डीटीपीवाला, २५ वर्षं हेच करतोय, तेव्हा तुमचा राग माझ्यावर काढा :) तुमच्या दोन्ही फाइलींचं दुखणं वेगवेगळं आहे.

यंदाची तुमची फाइल म्हणजे ३४ फोटो. त्यात अक्षर एकही नाही, मग शोधून सापडणार काय? मागच्या वर्षीची आमच्यासारख्याने केलेली, त्यात अक्षरं आहेत पण ती मराठी नाहीत. श्रीलिपी, कृतीदेव हे जुने फॉन्ट युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आधीचे, त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवले. कृतीदेवमधे तुम्हाला जो "श्री" दिसतो तो कॉम्प्युटरच्या लेखी कॅपिटल जे आणि स्मॉल एच. फॉन्टचा सदरा घातला की श्री, सदरा उतरवला की जेएच. म्हणून कॉपी केल्यावर खिचडी. पीडीएफ दिसते नीट कारण फॉन्टचे लागतील तेवढे आकार त्या फाइलच्या पोटातच भरलेले असतात. ॲक्रोबॅट रीडरमधे फाइलच्या प्रॉपर्टीजमधे जा, फॉन्ट्स नावाचा टॅब आहे, तिथे नावापुढे "एम्बेडेड सबसेट" दिसलं की समजायचं आकार आत आहेत, कुठल्याही मशीनवर सारखं दिसणार. ते नसेल तर समोरच्याच्या मशीनवर काय दिसेल ते देवाला माहीत.

जुना मजकूर वाचवायचा असेल तर डीटीपीवाल्याकडून पीडीएफ नाही, मूळ फाइल मागा (आम्ही द्यायला नखरे करतो, पण पैसे दिलेत तुम्ही, हक्काने मागा). मग कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. फक्त एक, कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास नको. रफार जुन्या फॉन्टमधे अक्षराच्या नंतर टाइप केलेला असतो, साधा कन्व्हर्टर तो तिथेच ठेवतो आणि "कर्ज"चं "कजर्" होतं, "खर्च"चं "खचर्", "वर्ष"चं "वषर्". पतसंस्थेच्या अहवालात हे तीनच शब्द किती वेळा येतात ते मोजा म्हणजे कळेल.

जुगाड_जिंदाबाद

एवढं कशाला डोकं लावताय, फुकट साइट्स आहेत शंभर, ४८ एमबीची टाकायची ५ एमबीची खाली उतरवायची. मी रोज करतो.

टर्मिनलवाला

जुगाडभाऊ, लग्नाची पत्रिका असती तर मीपण हेच म्हणालो असतो. इथे सभासदांची नावं आहेत, बहुतेक खातेक्रमांक, ठेवी, थकबाकीपण असेल. ती फाइल कुणाच्या तरी सर्व्हरवर जाणार, आणि ती नंतर खरंच पुसली का ते आपण बघायला जाणार नाही. ताई, कृपा करून करू नका. तेच काम आपल्याच मशीनवर फुकटात होतं. विंडोजवर पीडीएफ२४ क्रिएटर टाकून घ्या, इंटरनेट बंद करूनसुद्धा चालतं, जोडणं तोडणं लहान करणं सगळं आहे. नुसतं जोडायचं असेल तर पीडीएफसॅम बेसिक.

पण मुळात लहान करायची वेळच का आली ते बघा. ए४ पान ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. रंगीत असेल तर एका ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे दाबण्याआधी एक पान २६ एमबीचं. मशीन ते दाबून दीडेक एमबीवर आणतं, ३४ पानांचे झाले तुमचे ४८. तेच पान काळं-पांढरं स्कॅन केलं तर एका ठिपक्याला फक्त एक बिट, दाबण्याआधीच एक एमबीच्या आसपास आणि दाबल्यावर किरकोळ केबीमधे. बहुतेक मशीनवर कलर हे सेटिंग आधीपासूनच लावलेलं असतं आणि कोणी बदलत नाही.

आणि खरं सांगायचं तर स्कॅनच करू नका. वर्डमधे फाइल, सेव्ह ॲज, पीडीएफ. एक्सेलमधेही तेच, फक्त आधी प्रिंट प्रिव्ह्यूमधे बघा नाहीतर ताळेबंदाचा शेवटचा रकाना वेगळ्या पानावर पळतो (अनुभव). "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ" हा प्रिंटर पण दिसेल, विंडोज १० पासून आहे, तो अडीनडीला ठीक, पण त्याने अनुक्रमणिकेच्या लिंका आणि बुकमार्क जातात, कारण तो बिचारा स्वतःला प्रिंटरच समजतो. मजकुराची पानं अशी काढलीत तर २ एमबीच्या वर जायचं कारण नाही, आणि सह्यांची दोनतीन पानं तेवढी काळी-पांढरी स्कॅन करून मागे जोडा.

पतपेढीतली_ताई

अय्या, म्हणजे एवढी वर्षं मी प्रिंट काढून परत स्कॅन करत होते ते उगाचच! टोनरचा खर्च सेक्रेटरींना सांगत नाही आता.

करून बघितलं, इतिवृत्ताची १२ पानं ३०० केबीत बसली. पण शोधायला गेले तर "पाटील" सापडतं, "शिंदे" कधी सापडतं कधी नाही. युनिकोडमधेच टाइप केलंय, मंगल फॉन्ट. आणि सभासद यादीत खातेक्रमांकावर मी वर्डमधे काळी पट्टी टाकते, ते चालेल ना?

टर्मिनलवाला

थांबा थांबा, पाठवली नाही ना अजून??

पट्टीचं आधी. तुम्ही प्रिंट काढून स्कॅन करत होता तेव्हा ती पट्टी खरोखर काळी शाई होती, खाली काहीच उरत नव्हतं. म्हणजे तुमच्या त्या उलट्या पद्धतीने नकळत तुम्हाला वाचवलं होतं. आता थेट वर्डमधनं पीडीएफ काढली की पट्टी हे वरनं ठेवलेलं एक चित्र, खालचा आकडा जिथल्या तिथे. माउसने पट्टीवरनं ओढा, कॉपी करा, नोटपॅडमधे पेस्ट करा, आकडा हजर. आमच्या आधीच्या ऑफिसात एका टेंडरचे दर असे "झाकून" पाठवले होते, समोरच्याने फोन करून दर वाचून दाखवले आणि वर म्हणाला थोडे जास्त वाटतात. अमेरिकेत २०१९ साली पॉल मॅनाफोर्टच्या (ट्रम्प यांच्या प्रचाराचा माजी प्रमुख) वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदाचंही असंच झालं होतं, काळ्या पट्टीखालचं पत्रकारांनी कॉपी करून वाचलं.

उपाय अगदी साधा, वर्डमधेच आकडा खोडा आणि त्याजागी फुल्या टाइप करा, शेवटचे तीनचार आकडे ठेवा पाहिजे तर. मग पीडीएफ. आणि ती मूळ वर्डची फाइल चुकून ग्रुपवर जाऊ देऊ नका.

"शिंदे"चं असं की पीडीएफ शब्द लक्षात ठेवत नाही, कुठला आकार पानावर कुठे ठेवायचा तेवढं ठेवते. पहिली वेलांटी आपण श नंतर टाइप करतो पण पानावर ती श च्या आधी येते, त्यामुळे शोधणाऱ्याला उलटासुलटा क्रम मिळतो. पाटीलमधे दुसरी वेलांटी, म्हणून सुटले. जोडाक्षरांचंही असंच. प्रत्येक रीडर आपापल्या अकलेने जुळवतो म्हणून कधी सापडतं कधी नाही. माझा अनुभव असा की तीच फाइल लिब्रेऑफिसमधे (वर्डसारखंच, पण फुकट) उघडून तिथनं पीडीएफ एक्स्पोर्ट केली की शोध जास्त बरा लागतो, पण पानं एकदा नजरेखालनं घाला, वर्डचे तक्ते तिथे कधीकधी हलतात. त्याच एक्स्पोर्टच्या खिडकीत "हायब्रिड पीडीएफ" असा एक टिकमार्क आहे, त्याने मूळ फाइल पीडीएफच्या पोटात राहते आणि पुढच्या वर्षी लिब्रेऑफिसमधे उघडून बदल करता येतात, २० पानांचं टाइपिंग वाचलं. ही प्रत फक्त ऑफिसात ठेवायची हां, सभासदांना साधी.

आर्टिकलशिप_२

मी सीएकडे आर्टिकलशिप करतोय, एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लेखापरीक्षकांचा अहवाल जर डिजिटल सहीचा आला असेल तर तो बाकीच्या पानांत जोडू नका, कॉम्प्रेस पण करू नका. सही ही त्या फाइलच्या नेमक्या बाइट्सवर असते, फाइल जरा हलली की सही अवैध दाखवते, आणि प्रिंट टू पीडीएफ केलं तर सहीचं नुसतं चित्र उरतं. ती फाइल जशी आली तशी, वेगळी पाठवायची. सगळं एकातच हवं असेल तर आधी जोडायचं आणि सही शेवटी घ्यायची, पण आमचे सर दुसऱ्यांच्या ३० पानांवर सही करायला तयार होणार नाहीत हे आत्ताच सांगतो.

सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून घाबरू नका. सही खोटी असं नाही, रीडर त्या प्रमाणपत्राला ओळखत नाही इतकंच. सातबारा डाउनलोड केला की हेच होतं. कॉम्प्युटरवरच्या रीडरमधे सहीवर क्लिक करून प्रमाणपत्र उघडायचं, नाव बरोबर आहे ना ते बघायचं आणि ट्रस्टमधे टाकायचं, मग परत तपासलं की हिरवी टिक येते. मोबाइलवर किंवा ब्राउजरमधे बघून ठरवू नका, तिथे बऱ्याचदा सहीची तपासणीच होत नाही.

जुगाड_जिंदाबाद

पासवर्ड टाका की मग. आधारच्या पीडीएफला असतो तसा, नावाची चार अक्षरं आणि जन्मसाल.

खिळेजुळारी

अहवाल सगळ्या सभासदांना वाचायचाय हो, पासवर्ड टाकला तर सभेपर्यंत ताईंना फोन घेण्याशिवाय दुसरं काम उरणार नाही. एकेकाचा खातेउतारा पाठवायचा असेल तर ठीक. आणि ते "प्रिंट करता येणार नाही, कॉपी करता येणार नाही" वालं कुलूप असतं ना, ते तर नावालाच, उघडायला पाच मिनिटं पुरतात.

ताई, पाठवायच्या आधी अजून एक बघा, फाइलच्या प्रॉपर्टीजमधे टायटल काय आहे. मागच्या वर्षीचीच फाइल वापरून नवीन केली असेल तर ब्राउजरच्या टॅबवर जुनं साल दिसतं. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या नवीन अहवालावर दोन वर्षं "कच्चा मसुदा ३" असं दिसत होतं, कुणी बोललंच नाही.

पतपेढीतली_ताई

झालं एकदाचं! ३१ पानांची फाइल १.८ एमबी, लेखापरीक्षण अहवाल वेगळा, त्यावर हिरवी टिक आणली आणि सेक्रेटरींना दाखवली, ते दोन मिनिटं बघतच राहिले. टायटलमधे २०१९ होतं, बदललं. पट्ट्या सगळ्या काढून फुल्या टाकल्या, आणि स्वतः ओढून कॉपी करून बघितलं, फुल्याच आल्या.

चेअरमनसाहेबांचं नाव सापडतंय, १४ वेळा. ते म्हणाले एवढंच?

डीटीपीवाल्यांनी मूळ फाइल दिली, थोडं कुरकुरले. मजकूर कन्व्हर्ट करून घेतला, दोनदा वाचून काढला, आता बिनचूक आहे. उद्या सकाळी ग्रुपवर टाकते.

खिळेजुळारी

"कजर्" शोधून बघितलंत?

पतपेढीतली_ताई

सहा सापडले. त्यातला एक मुखपृष्ठावर.