टाचेच्या फ्रॅक्चरनंतर चालणं सुटलं, ११ किलो वाढले. आता वजन उतरवायचं कसं?

निळीशाई

नमस्कार. वय ४६, उंची १५८ सेंमी, आज सकाळचं वजन ७५. दहा महिन्यांपूर्वी ६४ होतं.

शिडीवरून तोल गेला आणि दोन्ही पायांवर आदळले. उजव्याला काही झालं नाही, डाव्या टाचेच्या हाडाचे तुकडे झाले. ऑपरेशन झालं, प्लेट आणि सात स्क्रू बसले. दहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नव्हता, मग हळूहळू भार द्यायला लागले. हाड जुळलं. पण टाचेच्या वरचा सांधा झिजतोय आणि तो आता पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. सपाट जागेवर पंधरा मिनिटं चालले की टाचेच्या बाहेरच्या बाजूने कळ उठते, आणि मग ती सगळी संध्याकाळ पाय उशीवर ठेवून जाते. पळणं, उड्या, जिने, लांबवर चालणं, सगळं बंद.

मी अकरा वर्षं रोज सहा किलोमीटर चालत होते. वजनासाठी नाही. तो माझा एकटीचा तास होता, दिवसभरातले सगळे निर्णय मी त्या तासात घेत असे.

आता तपासणीला गेलं की एकच वाक्य ऐकते: सांधा टिकवायचा तर वजन कमी करा. कसं करू विचारलं तर म्हणतात चाला. चालले तर सांधा दुखतो. घरच्यांना वाटतं की बसून बसून माझं खाणं वाढलंय. खरं सांगते, वाढलेलं नाही. वीस दिवस वहीत प्रत्येक घास लिहिला. ताट तेच आहे, तितकंच आहे. कोणी ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ म्हणालं की मला रडू येतं.

वजनकाट्यावर उभं राहणंही धड जमत नाही. डावा पाय टेकवते, पण त्यावर पूर्ण भार टाकायला मन धजत नाही. आकडा ७४.६, ७५.३ असा हलत राहतो. भिंतीला नुसती बोटं लावली की दोन किलो कमी दिसतात.

पायातल्या झिणझिण्यांसाठी रात्री प्रीगाबालिनची गोळी चालू आहे. बाकी शुगर, बीपी, थायरॉईड नॉर्मल. ज्यांचं चालणं असं अचानक बंद झालं आणि तरी वजन उतरलं, अशा कुणाचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा. ‘इच्छाशक्ती हवी’ सोडून काहीही चालेल.

पाणवठा

ताई, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीही याच चक्रात होते. मला पाण्याने तारलं. पोहता येत नाही, मी नुसती पाण्यात चालते. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचं वजन साधारण निम्मंच पायावर येतं, छातीपर्यंत गेलं तर एक तृतीयांशाच्या आसपास. जमिनीवर दहा मिनिटं न चालू शकणारी मी तिथे अर्धा तास चालले, आणि बाहेर आल्यावर आनंदाने रडले. जखम पूर्ण भरली आहे ना, एवढं मात्र आधी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि काठावरच्या ओल्या फरशीवर कुणाचा तरी हात धरा.

चाकांवर चौदा वर्षं

ताई, आधी तुमच्या ताटाचा हिशोब मांडतो, कारण ती गोष्ट तुम्हाला जास्त लागलेली दिसते.

६४ किलोच्या माणसाने सहा किलोमीटर चालायचं म्हटलं तर बसून राहण्यापेक्षा २०० ते २५० कॅलरी जास्त जळतात. २२५ धरा. ३०० दिवसांचे झाले ६७,५००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी. भागून बघा, पावणेनऊ किलो येतात. त्यात दिवसभरातलं उभं राहणं, घरातल्या फेऱ्या, बाहेरची कामं गेली, ती वेगळीच. हिशोब ढोबळ आहे, शरीर इतकं सरळ रेषेत चालत नाही, पण तुमचे अकरा किलो कुठून आले ते यात दिसतं. ताट तेच राहिलं आणि चालणं गेलं. तुम्ही खोटं बोलत नाही आहात. ही आकडेमोड घरच्यांना दाखवा.

आता माझं. मणक्याला मार बसल्यापासून कमरेखाली हालचाल नाही. पहिल्या दोन वर्षांत माझं वजन १९ किलोंनी वाढलं. बिछान्यातून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर मी स्वतःला हातांवर उचलून नेतो. १९ किलो वाढले म्हणजे दिवसातून दहा-बारा वेळा १९ किलो जास्तीचे खांद्यांनी उचलायचे. त्यामुळे वजन हा माझ्यासाठी दिसण्याचा प्रश्न नव्हता. उद्या मला दुसऱ्या कुणी उचलून न्यावं लागेल का, हा प्रश्न होता.

मी तेव्हा चूक केली ती अशी. व्यायामाने उतरवीन म्हणून रोज हातांचे ढकलायचे व्यायाम केले, दंड बेठका मारायच्या तशा जिद्दीने. खुर्ची दिवसभर ढकलायची ती वेगळीच. चौथ्या महिन्यात उजवा खांदा असा धरला की तीन महिने मला कुणीतरी उचलून ठेवत होतं. ज्या गोष्टीची भीती होती तीच ओढवून घेतली. नंतर कळलं की कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी ढकलण्यापेक्षा ओढण्याचे व्यायाम जास्त करावेत, म्हणजे पाठीचे आणि खांद्यामागचे स्नायू समोरच्यांच्या बरोबरीने तयार होतात. आता आठवड्यातून तीनदा रबरी बँड दाराच्या कडीला अडकवून ओढतो आणि दोनदा हाताने फिरवायची सायकल चालवतो. हात म्हणजे पाय नव्हेत. त्यांचे स्नायू लहान, त्यामुळे दम लवकर लागतो पण कॅलरी कमी जळतात. माझे वीस मिनिटांत शंभरही जळत नसतील. तरी करतो, कारण त्याने झोप लागते, शुगर ताब्यात राहते, आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात.

वजन उतरलं ते ताटातून. तुमचाच हिशोब करू. वजन ७५ गुणिले १०, उंची १५८ गुणिले ६.२५, त्यातून वय गुणिले ५ वजा आणि बायकांसाठी आणखी १६१ वजा. येतात १,३४६. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला साधारण एवढं लागतं. फारशी हालचाल नसेल तर गुणिले १.२, म्हणजे १,६१५ च्या आसपास. आता सगळीकडे ‘आठवड्याला अर्धा किलो’ असं लिहिलेलं असतं. त्यासाठी रोज ५५० कमी खावं लागेल, म्हणजे उरले १,०६५. एवढ्यात पोटही भरणार नाही आणि स्नायूही टिकणार नाहीत. चालत्या-फिरत्या माणसाचा वेग आपल्याला लागू नाही. आठवड्याला पाव किलो धरा. रोजच्या खाण्यातून २७० ते २८० कमी. वर्षभर लागलं तर लागू दे.

कमी करताना प्रोटीनला हात लावू नका. तुमचं पूर्वीचं वजन ६४ धरून किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ७७ ग्रॅम, तिन्ही वेळच्या खाण्यात विभागून. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा. मी पहिल्यांदा नुसतं निम्मं जेवून वजन उतरवायला गेलो आणि बसायच्या जागी जखम झाली. आमच्यासारख्यांना प्रोटीन कमी पडलं की त्वचा लवकर फाटते आणि भरायला महिने लागतात. कमी करायचंच तर तेल-तुपापासून सुरू करा, ग्रॅमला नऊ कॅलरी असतात. प्रोटीनमध्ये आणि पिठा-साखरेत ग्रॅमला चारच.

काट्याचं सांगतो. तो गालिच्यावर ठेवू नका, कडक फरशीवर आणि दाराच्या चौकटीत ठेवा. दोन्ही हातांनी चौकट धरून चढा, पाय जमले की तीन सेकंद हात सोडा, आकडा बघा, परत धरा. रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर. एका दिवसाचा आकडा मनावर घेऊ नका, मीठ आणि पाणी यांनीच किलोभर इकडेतिकडे होतो. सात दिवसांची सरासरी वहीत लिहा. मी व्हीलचेअरसकट मोठ्या काट्यावर जातो आणि खुर्चीचे १४.२ किलो वजा करतो. एकदा उशी बदललेली विसरलो आणि आठवडाभर खिन्न होतो. कंबर मात्र घरीच मोजतो, आडवा पडून, श्वास सोडल्यावर, बेंबीच्या रेषेत.

फिजिओताई

वरचं खूप चांगलं लिहिलंय. मी तीन गोष्टींची भर घालते.

गोळी. प्रीगाबालिनने काही जणांचं वजन वाढतं. ती आपण होऊन बंद करायची नाही, एकदम सोडली तर त्रास होतो. पण ‘गोळी सुरू झाल्यावर किती वाढलं’ हे तारखांसकट लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस किंवा औषध बदलता येतं का ते ते बघतील.

चांगला पाय. बरेच जण एक पाय दुखावला की दोन्हींना सुट्टी देतात. एका बाजूच्या अवयवाला व्यायाम दिला की काही प्रमाणात दुसऱ्या बाजूची ताकदही वाढते, हे १८९४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नोंदवलं गेलं होतं. स्नायू दोन्हीकडे वेगळे असले तरी त्यांना हुकूम देणारी मज्जासंस्था एकच. खुर्चीत बसून उजवा गुडघा सरळ करणं, बँड लावून उजव्या मांडीचे व्यायाम, हे आजपासून करता येईल. डाव्या पायाचेही गुडघा आणि खुब्याचे व्यायाम बसून किंवा आडवं पडून होतात, त्यात टाचेवर भार येत नाही.

आणि मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. पण जमत नसेल तर थोडीही उपयोगाची, हेही त्यातच आहे. पाच मिनिटांचे तुकडे चालतात. मध्यम म्हणजे किती? बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा दम.

मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्यात किंवा त्याच्या वर असेल, असे कुणी हे वाचत असतील तर त्यांनी मात्र नाडीचे ठोके मोजून व्यायाम ठरवू नये. ठोके अपेक्षेइतके वाढत नाहीत. अचानक डोकं ठणकलं, चेहऱ्यावर घाम फुटला, तर लगेच थांबून ताठ बसायचं आणि मदत मागवायची. रक्तदाब एकदम चढल्याची ती खूण असू शकते.

निळीशाई

तो भागाकार मी कागदावर मोठ्या अक्षरांत मांडला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. कुणी काही बोललं नाही. रात्री नवऱ्याने तो कागद घडी करून माझ्या वहीत ठेवलेला सापडला. दहा महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

उद्यापासून सुरू करते. पाणवठा, पाण्याचंही विचारून घेते.

निळीशाई (साडेचार महिन्यांनी)

सांगायचं राहू नये म्हणून आले. सात दिवसांची सरासरी ७१.१.

पहिले तीन आठवडे काहीच हललं नाही, मग एका आठवड्यात ९०० ग्रॅम गेले, मग पुन्हा बारा दिवस शांत. सरासरीची वही नसती तर मी दुसऱ्या महिन्यात सोडून दिलं असतं. डॉक्टरांनी गोळी आधी कमी केली, आता बंद आहे. तेल मोजायला लागले तेव्हा कळलं की मी जो ‘एक चमचा’ समजत होते ते तीन होते. वीस दिवस घास लिहिले होते, पण तेल लिहिलंच नव्हतं. नेमकं तिथेच सापडलं.

सगळ्यात अवघड गेली ती संध्याकाळ. सहा ते सात ही माझी चालायची वेळ, आणि त्या तासात भूक नसताना हात डब्याकडे जायचा. आता त्या तासात खिडकीशी खुर्ची ओढून बँडचे व्यायाम करते, आणि निर्णय पुन्हा तिथे घ्यायला लागले आहे. चालण्यासारखं नाही ते. चालणं मला अजून रोज आठवतं. सपाट जागेवर आता पंधराऐवजी बावीस मिनिटं निभतात. वजनामुळे, पाण्यातल्या चालण्यामुळे की मांडीच्या व्यायामाने, ते मला सांगता येणार नाही.

चाकांवर, एक विचारायचं होतं. बँड ओढताना कोपर किती मागे न्यायचं? मी पार पाठीमागे नेते तर खांद्यात पुढच्या बाजूने टोचतं.

चाकांवर चौदा वर्षं

ताई, फार आनंद झाला. कोपर बरगड्यांच्या रेषेपर्यंतच आणा. त्यापुढे नेलं की खांदा पुढे ढळतो, तेच टोचतंय. तिथे पोचल्यावर खांद्यामागची दोन्ही चपटी हाडं, म्हणजे फरे, एकमेकांकडे आवळा, मनात दोन म्हणा, मग हळू सोडा. सोडताना घाई नको. आणि टोचणं थांबेपर्यंत बँड एक नंबर हलका घ्या.